लोखंडी नांगराचा धडा

इतिहासाच्या पुस्तकांत राजांचीं नांवें असतात, लढायांचीं सालें असतात, तहांचीं कलमें असतात. तीं पाठ करून विद्यार्थी परीक्षा उतरतात, आणि तीं पाठ असणें चांगलेंच आहे. परंतु ज्या भाकरीवर राजा व शिपाई दोघेही जगले, ती पिकविणारें औत कोणीं सुधारलें, याची विचारपूस फारसा कोणी करीत नाहीं. तरवारीच्या धन्याचें नांव सर्वांस ठाऊक असतें. नांगराच्या कर्त्याचें नांव शेतकऱ्याच्या मुलासही ठाऊक नसतें. आमच्या मतें ही उणीव लहान नव्हे. समाज ज्या कृत्यांची आठवण ठेवतो, तींच कृत्यें करण्याची हौस त्याच्या मुलांस लागते. म्हणून आज आम्हीं या पानांत एका नांगर करणाऱ्याची कथा सांगण्याचें योजिलें आहे, आणि तिच्या अनुषंगानें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस दोन शब्द स्पष्टपणें सांगण्याचेंही योजिलें आहे.

आपला खानदेश हा काळ्या जमिनीचा मुलूख. तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांच्या खोऱ्यांतील ही जमीन उन्हाळ्यांत हात हात खोल भेगाळते आणि पावसाळ्यांत पायास चिकटून पाऊल उचलूं देत नाहीं. अशा जमिनींत पिढ्यान्‌पिढ्या जीं औतें चाललीं, तीं आपल्या वाचकांच्या परिचयाचींच आहेत : नांगर, वखर, पाभर, कोळपें. त्यांपैकीं जुना नांगर बाभळीच्या लांकडाचा. सुतारानें तो घडवावा, लोहारानें त्यास लोखंडी फाळ बसवावा, आणि सुगी झाली म्हणजे दोघांनीं आपलें बलुतें घेऊन जावें, असा रिवाज होता. या नांगरास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तो गांवांत होत असे, गांवांत दुरुस्त होत असे, आणि त्याच्या पायीं शेतकऱ्यास रोख पैसा मोजावा लागत नसे.

परंतु त्याच्यांत एक मोठी उणीव होती. लांकडी नांगर माती उकरतो. ती उलथीत नाहीं. त्याचें तास वर रुंद व खालीं अरुंद पडतें. त्यामुळें दोन तासांच्या मध्यें न नांगरलेली पट्टी तशीच राहाते, व ती मोडण्यासाठीं शेत पुन्हा आडवें नांगरावें लागतें. कुंदा व हराळी यांच्या मुळ्या तर त्याला दाद देत नाहींत. भारी जमिनींत खोल नांगरट करावयाची म्हणजे चार चार बैलजोड्या जुंपाव्या लागत, आणि इतके बैल ज्याच्या दावणीस आहेत असा शेतकरी गांवांत एखादाच. लोखंडी नांगराच्या फाळामागें एक वांकडा पत्रा असतो, त्यास कोणी पंख म्हणतात. फाळानें कापलेली मातीची पट्टी या पंखावर चढते व पानाप्रमाणें उलटी पडते. वरचें तण खालीं गाडलें जाऊन कुजतें, खालच्या मुळ्या वर येऊन उन्हानें मरतात. एवढ्याशा वांकड्या पत्र्यासाठीं दोन खंडांतील कित्येक माणसांनीं आपलें आयुष्य खर्ची घातलें आहे.

त्यांपैकीं कांहींचा परिचय प्रथम करून देतों. इंग्लंडांत इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम यानें इ. स. १८०३ मध्यें फाळाची एक युक्ति शोधून काढली. बिडाचा रस साच्यांत ओततांना साच्याचा एक भाग धातूचा ठेवला, तर त्या बाजूचा रस एकदम थंड होऊन फार कठीण होतो. रॅन्समच्या फाळाची खालची बाजू अशी कठीण व वरची बाजू मऊ असे. नांगरतांना मऊ बाजू आधीं झिजे व कठीण बाजूची धार आपोआप पुढें राही. जो फाळ पूर्वीं झिजून बोथट होत असे, तो आतां झिजून धारदार होऊं लागला.

अमेरिकेंत चार्लस न्यूबोल्ड या गृहस्थानें इ. स. १७९७ मध्यें ओतीव लोखंडाच्या नांगराचें पेटंट घेतलें. परंतु लोखंडानें जमिनीस विष चढतें, या समजुतीनें तेथील शेतकरी त्यास शिवेनात. शिवाय तो नांगर अखंड एकाच ओतिवाचा होता. एक भाग मोडला कीं सर्वच मोडीत निघे. पुढें जेथ्रो वुड यानें इ. स. १८१९ मध्यें सुट्या भागांच्या नांगराचें पेटंट घेतलें. त्यांत जो भाग झिजेल तेवढाच बदलतां येई. वुडच्या नांगराचा प्रसार पुष्कळ झाला; परंतु नक्कल करणाऱ्यांशीं झगडण्यांत त्या बिचाऱ्याचा पैसा संपला. यानंतर इ. स. १८३७ मध्यें इलिनॉय प्रांतांतील जॉन डीअर या लोहारानें एका मोडक्या करवतीच्या पोलादाचा नांगर बनविला. त्या प्रांताची जमीन आपल्याच जमिनीसारखी काळी व चिकट. बिडाच्या नांगरास ती इतकी चिकटे कीं, शेतकऱ्यास पावलोपावलीं थांबून पंख खरवडावा लागे. घासून गुळगुळीत केलेल्या पोलादावरून मात्र माती आपोआप सरकूं लागली.

कापणीच्या यंत्राची कथाही अशीच आहे. व्हर्जिनिया प्रांतांतील सायरस मॅकॉर्मिक यानें इ. स. १८३१ मध्यें उभें पीक कापणारें घोड्याचें यंत्र चालवून दाखविलें व १८३४ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. परंतु त्याचा बाप रॉबर्ट हा त्याच्या आधीं कित्येक वर्षें याच यंत्राच्या नादीं लागला होता, आणि जो अँडरसन नांवाचा त्या घरचा एक निग्रो गुलाम या कामीं सायरसच्या बरोबरीनें राबला होता. पेटंटाच्या कागदावर अँडरसनचें नांव नाहीं. हें आम्ही मुद्दाम सांगतों. कारण कोणताही शोध एका डोक्यांतून विजेसारखा निघतो ही समजूत खोटी आहे. त्यामागें बापाची फसलेली खटपट असते, भावाची साथ असते, आणि ज्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत अशा हातांचे श्रम असतात.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म ता. २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचें मन फारसें रमत नसे. चित्रें काढण्याचा व यंत्रें उघडून पाहण्याचा मात्र त्यांस विलक्षण नाद. बंधु रामूअण्णा यांच्या पाठबळानें ते १८८५ च्या सुमारास मुंबईस जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकण्यास गेले. तेथें कांहीं काळानें असें ध्यानांत आलें कीं, त्यांस कांहीं रंगांतील फरक दिसत नाहीं. चित्रकार होऊं इच्छिणाऱ्या तरुणास याहून मोठा आघात कोणता ? दुसरा एखादा असता तर घरीं परत जाऊन नशिबास बोल लावीत बसला असता. लक्ष्मणरावांनीं रंगाची पेटी बाजूस ठेवली आणि यांत्रिक रेखाचित्रांचा अभ्यास धरला. कारण त्या कामास रंग लागत नाहीं, रेघ लागते. पुढें मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. तेथील यंत्रशाळेंत त्यांनीं हातानें काम करून यंत्रें आत्मसात केलीं.

इकडे बेळगांवांत दोघां बंधूंचें सायकलींचें छोटें दुकान १८८८ पासून चालूं झालें होतें. सायकली विकाव्या, दुरुस्त कराव्या व हौशी लोकांस त्यांवर बसावयास शिकवावें, असा तो उद्योग. मुंबईस बढतीची वेळ आली तेव्हां लक्ष्मणरावांची हक्काची जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. लक्ष्मणरावांनीं राजीनामा दिला व ते बेळगांवीं परतले. सरकारी पगाराची खुर्ची सोडून सायकलीच्या दुकानांत बसणाऱ्या या माणसास त्या काळच्या शहाण्यांनीं काय म्हटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

दुकानांत येणाऱ्या शेतकऱ्यांकडे पाहतां पाहतां लक्ष्मणरावांस आपल्या कामाची दिशा सांपडली. प्रथम त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र केलें. कडबा अखंड टाकला म्हणजे जनावर पाला खातें व बुडखे तुडवून टाकतें. बारीक तुकडे केले तर तोच कडबा अधिक दिवस पुरतो. दुष्काळाचा अनुभव असलेल्या मुलखांत हें यंत्र म्हणजे अर्धें कोठारच होतें. त्यानंतर इ. स. १९०३ मध्यें त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. त्याच वर्षीं त्यांचे वडील चिरंजीव शंतनुराव जन्मास आले.

नांगर तयार झाला, परंतु तो घेणार कोण ? पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी समजूत येथेंही होती. न्यूबोल्डच्या अमेरिकेंत जें म्हटलें गेलें, तेंच शंभर वर्षांनीं बेळगांवच्या परिसरांत म्हटलें गेलें. आणि या दोन ठिकाणच्या शेतकऱ्यांनीं एकमेकांस पत्रें लिहिलीं नव्हतीं. ही गोष्ट सांगतांना पुष्कळ लेखक शेतकऱ्याच्या अडाणीपणास हंसतात. आम्ही त्या हंसण्यांत सामील होत नाहीं.

शेतकऱ्याची बाजू ऐका. व्यापाऱ्याचा एक सौदा फसला तर तो आठ दिवसांनीं दुसरा करतो. शेतकऱ्याचा नांगर फसला तर एक हंगाम जातो, आणि हंगाम वर्षांतून एकदांच येतो. लांकडी नांगर मोडला तर सुतार हांकेच्या अंतरावर आहे. लोखंडी नांगराचा फाळ तुटला तर नवा कोठून आणावा? लांकडी नांगरास धान्य पुरतें. लोखंडी नांगरास रोकड लागते, व रोकड म्हणजे सावकार. शिवाय आपली काळी जमीन भेगाळून स्वतःच स्वतःस फोडते. तिला दर वर्षीं नांगरावी लागत नाहीं, वखरावर भागतें, असा जाणत्या शेतकऱ्याचा अनुभव. असे सर्व विचार ज्याच्या मनांत आहेत, तो ते वादपटूसारखे मांडीत नाहीं. तो म्हणतो, “लोखंडानें जमिनीस विष चढतें.” या एका वाक्यांत भ्रम आहे खरा, परंतु भ्रमाच्या टरफलाखालीं सावधपणाचा दाणाही आहे. टरफल पाहून हंसणें सोपें असतें; दाणा ओळखण्यास माणूस लागतो.

लक्ष्मणराव असे दाणा ओळखणारे होते, हाच त्यांचा मोठेपणा असें आमचें मत आहे. खप नाहीं म्हणून त्यांनीं शेतकऱ्यांस शिव्या दिल्या नाहींत व कारखानाही मोडला नाहीं. नांगर सुधारीत राहावें, तो शेतांत चालवून दाखवावा, व ज्यास चालवावयाचा त्याचें म्हणणें ऐकावें, हाच यावर उपाय होता. शेतकरी व्याख्यानास भुलत नाहीं. शेजाऱ्याच्या शेतांतील पीक पाहून मात्र त्याची खात्री पटते. एकदां खात्री पटली, तेव्हां ज्या नांगरास पहिलें गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षें लागलीं, तोच नांगर पुढें महाराष्ट्रांत व कर्नाटकांत घरोघरच्या माहितीचा झाला.

परंतु संकटें संपलीं नव्हतीं. बेळगांवच्या नगरपालिकेनें कारखान्याची जागा सोडण्यास सांगितलें. यंत्रें, साचे, माणसें घेऊन जावें कोठें ? अशा वेळीं औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि पुढें आले. त्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन दिली व दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. ती जमीन म्हणजे निवडुंगाचें रान. त्यांत माणसापेक्षां सापांची वस्ती अधिक. इ. स. १९१० मध्यें तेथें कांहीं कुटुंबांनीं मुक्काम केला, निवडुंग तोडला, विहिरी खणल्या, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढें त्या स्टेशनासही तेंच नांव मिळालें. आज हें गांव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यांत आहे.

या वाडीची एक हकीकत आम्हांस नांगराच्या शोधाइतकीच महत्त्वाची वाटते. शिक्षा भोगून तुरुंगांतून सुटलेल्या माणसांस लक्ष्मणरावांनीं कामावर घेतलें, आणि तेंही रात्रीच्या पहाऱ्याच्या कामावर. ज्यांस सारें जग चोर म्हणे, त्यांच्या हातीं त्यांनीं किल्ल्या दिल्या. वाडींत शिवाशीव पाळावयाची नाहीं, असाही त्यांचा दंडक होता. आणि हें त्या काळीं, ज्या काळीं मोठमोठ्या विद्वानांसही तेवढें धैर्य झालें नव्हतें. बिडाच्या भंगारांतून फाळ ओतणाऱ्या माणसाची नजर माणसांतील भंगाराकडेही तशीच वळली. तापविलें, साफ केलें, चांगल्या साच्यांत ओतलें, तर कोणतीही धातु कामास येते, हें तो आपल्या धंद्यांतच शिकला होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत (१९१४-१८) परदेशी माल येणें दुर्मिळ झालें. कोळसा व लोखंड यांची टंचाई पडली. तरी कारखाना चालत राहिला. इ. स. १९२० मध्यें ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदविली गेली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचीं यंत्रें, पाण्याचे पंप असा माल निघूं लागला. त्याच वर्षीं ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्रक सुरू झालें व तेंच पुढें ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घरांत पोहोंचलें. शंतनुराव अमेरिकेंत यंत्रशास्त्र शिकून आले व त्यांनीं पुण्यास तेलावर चालणाऱ्या एंजिनांचा कारखाना १९४६ मध्यें काढला. लक्ष्मणराव ता. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं निवर्तले. त्यांचें शिक्षण एकोणिसाव्या शतकांत झालें; त्यांचें फळ विसाव्या शतकानें खाल्लें.

येथें एक आक्षेप कोणी घेईल, आणि तो विचारणीय आहे. लोखंडी नांगर तर परदेशांत आधींच होता. मग लक्ष्मणरावांस शोधक कसें म्हणावें? याचें आमचें उत्तर असें. कोणतेंही औत तयार होतें तें एका विशिष्ट मातीसाठीं, विशिष्ट जनावरासाठीं व विशिष्ट खिशासाठीं. इंग्लंडचा नांगर इंग्लंडच्या घोड्यासाठीं घडलेला. तो आपल्या बैलांच्या खांद्यास मानवेलच असें नाहीं. तो आपल्या बैलाच्या ताकदीप्रमाणें बदलणें, येथील लोखंडांत, येथील कारागिरांच्या हातून, येथील शेतकऱ्यास परवडेल अशा किंमतींत तयार करणें व त्याचे सुटे भाग मिळतील अशी तजवीज ठेवणें, यासही बुद्धि लागते. डीअरनें नांगराची कल्पना प्रथम काढली नाहीं. त्यानें ती चिकट मातीस लागू केली. तरी जग त्यास शोधक म्हणतें. मग तोच न्याय आपल्या माणसास लावतांना आपण कां कचरावें ? जो दुसऱ्याची वस्तु जशीच्या तशी उचलतो तो नकल्या. जो ती आपल्या मातीस विचारून पुन्हा घडवितो तो शोधक, अशी आमची व्याख्या आहे.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. यंत्रानें मजुराचें काम जातें, आणि कधीं कधीं जमिनीचेंही नुकसान होतें. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाहीं. अमेरिकेंतील ज्या गवताळ प्रदेशांत पोलादी नांगरानें शेती शक्य केली, त्याच्या पश्चिमेकडील कोरड्या मैदानांवरही पुढें बेसुमार नांगरट झाली; गवताच्या मुळ्यांनीं धरून ठेवलेली माती मोकळी झाली, आणि १९३० नंतरच्या अवर्षणाच्या वर्षांत ती वाऱ्याबरोबर काळ्या ढगांसारखी उडाली. हजारों कुटुंबें देशोधडीस लागलीं. दोष नांगराचा नव्हता. कोठें थांबावें हें न समजणाऱ्या लोभाचा होता. आज आपल्या खानदेशांतही गांवोगांवीं ट्रॅक्टर आले आहेत व पोळ्याच्या दिवशीं मिरवावयास बैलजोड्या पूर्वीं इतक्या राहिल्या नाहींत. ट्रॅक्टर नको असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु प्रत्येक नव्या यंत्रास तीन प्रश्न विचारावे असें म्हणतों : हें माझ्या जमिनीस मानवेल काय ? याच्यासाठीं काढलेलें कर्ज माझ्या पिकानें फिटेल काय ? आणि यानें ज्याचें काम जाईल त्याच्या हातांस दुसरें काय काम मिळेल ? लोखंडी नांगर घेण्यापूर्वीं दोन वर्षें थांबलेल्या शेतकऱ्याच्या मनांत हेच प्रश्न होते, असें आम्हांस वाटतें.

आतां पालकांस दोन शब्द. आपला मुलगा शाळेंत गेला म्हणजे त्याच्या हातास मळ लागूं नये, अशी पुष्कळ आईबापांची इच्छा असते. स्वतः उन्हांत राबलेल्या बापास मुलास सांवलींत बसलेला पाहावा असें वाटणें स्वाभाविक आहे. त्या मायेस आम्ही दोष देत नाहीं. परंतु त्या मायेंतून मुलगा एक भलताच अर्थ काढतो : हातानें काम करणारा तो हलका, व कागदावर सही करणारा तो भारी. मग सुटींत घरीं आलेला मुलगा वखराला हात लावण्यास लाजतो व बापाच्या धोतराकडे पाहून मित्रांसमोर मान खालीं घालतो. असें शिक्षण घराचा फायदा करण्याऐवजीं घराचे दोन तुकडे करतें. लक्ष्मणरावांनीं नोकरी सोडली ती विद्येला कंटाळून नव्हे; विद्या हातांत उतरावी म्हणून. ते शिक्षक होते आणि ते भट्टीपाशींही उभे राहिले. या दोन गोष्टींचें वैर आपण कां मानावें ?

आणि हीं उदाहरणें दूरचीं वाटत असतील तर आपल्याच जिल्ह्यांत पाहावें. जामनेर तालुक्यांतील वाकोद गांवीं १९३७ मध्यें शेतकरी कुटुंबांत जन्मलेले भंवरलाल जैन यांनीं १९६३ मध्यें जळगांवांत घरच्या थोड्याशा भांडवलावर रॉकेल विकण्यापासून धंद्यास आरंभ केला. पुढें त्यांनीं पाण्याच्या नळ्या काढल्या, आणि इस्रायलसारख्या कोरड्या देशांत रूढ झालेली ठिबक सिंचनाची पद्धति आपल्याकडील लहान शेतकऱ्याच्या शेतापर्यंत पोहोंचविली. झाडाच्या मुळाशीं थेंब थेंब पाणी देण्याची कल्पना त्यांची पहिली नव्हती. परंतु जळगांवच्या केळीच्या बागेस ती लागू करणें, शेतकऱ्यास पटविणें व नळी बिघडली तर दुरुस्तीची सोय ठेवणें, हें त्यांचें काम होतें. भंवरलालजी २०१६ मध्यें निवर्तले. लक्ष्मणरावांच्या नांगरांत व या नळींत जें साम्य आहे तें विद्यार्थ्यांनीं स्वतः शोधून काढावें. आम्ही तें वर एकदां सांगितलेंच आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी गणितांत मागें असेल, कोणाचें इंग्रजी कच्चें असेल, कोणाची एखाद्या परीक्षेंत निराशा झाली असेल. रंग न ओळखणारा एक मुलगा चित्रकलेच्या शाळेंतून निघाला आणि त्यानें लाखों शेतांचा रंग बदलला, हें ध्यानांत असूं द्या. मात्र त्यापासून भलताच धडा घेऊं नका. अभ्यास सोडल्यानें कोणी किर्लोस्कर होत नाहीं. त्यांनीं एक अभ्यास सुटला तेव्हां दुसरा अधिक नेटानें धरला. विलायती यंत्रविषयक मासिकें वाचून, यंत्रें उघडून व पुन्हा जोडून ते आयुष्यभर विद्यार्थीच राहिले.

आमची एक सूचना आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुटींत गांवीं गेलांत म्हणजे आपल्या अथवा शेजाऱ्याच्या गोठ्यांत, माळ्यावर किंवा परसांत जुनें औत पडलें आहे काय तें पाहा. असल्यास तें बाहेर काढा, पुसा, व त्याचें चित्र काढून प्रत्येक भागाचें नांव घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून लिहा : फाळ कोणता, हाळीस कोणती, रुमणें कोणतें, जूं कोणतें. कोणत्या लांकडाचें आहे, कोणीं घडविलें, तें चालवितांना काय अडचण येत असे, व ती दूर करण्यास घरांतील कोणीं काय युक्ति केली होती, हेंही विचारा. आजोबांस हे प्रश्न विचारणारा नातू फार दिवसांनीं भेटलेला असेल. ते आनंदानें सांगतील. सुटी संपल्यावर ती वही आपल्या मराठीच्या गुरुजींस दाखवा. चांगल्या वह्यांतील मजकूर पुढील अंकांत छापण्यास आम्ही जागा राखून ठेवीत आहों. नांगराच्या कर्त्यांचीं नांवें इतिहासानें लिहून ठेवलीं नाहींत. निदान आपल्या गांवच्या सुतारालोहारांचीं तरी आपण लिहून ठेवूं.